पार्किंगमधले जाड खांब

अहमदाबादला गेलात तर साबरमती आश्रम तुम्ही बघालच. सिदी सय्यदची जाळीही कुणीतरी दाखवेल. मी मात्र तुम्हाला मणिनगरमधल्या एखाद्या जुन्या पाच मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये नेणार आहे. नाकं मुरडू नका!

२६ जानेवारी २००१. सकाळचे पावणेनऊ, झेंडावंदनाची वेळ. भूकंप झाला कच्छात, इथून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. तरी अहमदाबादेत कितीतरी इमारती कोसळल्या, सातशेहून अधिक माणसं गेली. पडलेल्या अनेक इमारतींची तऱ्हा एकच: खाली मोकळं पार्किंग, वर घरं.

एक काडेपेटी घ्या. (काड्या आईकडे द्या बरं का!) आतला खण काढून बाहेरचं वेष्टण बाजूनं ढकला. लगेच तिरकं झालं ना? आता खण आत सरकवून ढकला. हलतंय? वेष्टण म्हणजे इमारतीचा काँक्रीटचा सांगाडा, खांब आणि तुळया. खण म्हणजे त्यात भरलेली विटांची भिंत. गणित करताना इंजिनिअर मंडळी बहुधा भिंतीचं नुसतं वजन धरत, तिचा जोर धरत नसत. पण भूकंप थोडाच हिशेबाची वही वाचतो! सांगाडा डोलू लागला, की भिंत त्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेटून धरते. ताण फारच झाला, तर तिच्यावर तडे जाऊन मोठी फुली उमटते. गुजरातेत अशा फुल्या अंगावर घेऊन भिंतींनी अनेक इमारती तारल्या.

मग घात कुठं झाला? चार काडेपेट्या एकावर एक चिकटवा आणि फक्त सगळ्यात खालचीचा खण काढा. ढकला! वरच्या तिघी जशाच्या तशा, सगळं वाकणं खालच्या बिचारीच्या वाट्याला. गाड्यांसाठी भिंतींशिवाय ठेवलेला तळमजला म्हणजे हीच पेटी. भरभक्कम भिंतींची घरं वर, आणि खाली नुसते बारीक खांब.

२००२ साली भारतीय मानक ब्यूरोच्या सुधारित नियमांत आलं, की अशा मोकळ्या मजल्याचे खांब आणि तुळया हिशेबानं येणाऱ्या भूकंपाच्या जोराच्या अडीचपट जोर पेलतील अशा करा. नव्या इमारतींचं ठीक, पण आधीच उभ्या असलेल्यांचं काय?

त्यासाठीच तर पार्किंगमध्ये आलोय! भूकंपानंतर शहरातल्या अनेक इमारतींत जुन्या खांबांभोवती नव्या सळ्या बांधून वरून काँक्रीट ओतलं गेलं. इंजिनिअर त्याला जॅकेटिंग म्हणतात, म्हणजे खांबाला जाकीटच घातलं म्हणा ना! असा जाडजूड खांब दिसला तर हात लावून बघा. स्कूटर काढताना थोडी अडचण होते खरी.