आधी जेवण

माझ्या आयुष्याला जे बरं वळण लागलं, त्यात मोठा वाटा जळगावच्या एका घराचा आहे. ते घर माझ्या मित्राचं. पुण्यात वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहत होतो. माझ्या घरी परिस्थिती बेताची होती. वडील दिवसभर कामावर असत, त्यामुळे अभ्यासाची चौकशी रात्री ताटावरच व्हायची. त्यांचीही काळजीच होती ती. पण जेवायला बसलं की आता जाब द्यायचा, अशी माझी मनाची तयारी झाली होती. पटकन खाऊन उठणं हे माझ्या अंगवळणी पडलं होतं.

मित्र पहिल्यांदा गावी घेऊन गेला तो हिवाळ्यात. रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघालो. मनमाड, चाळीसगाव, पाचोरा मागे टाकत सकाळी जळगावला उतरलो. त्याच दिवशी त्यांच्या शेतात भरीत होतं. वांग्याचं भरीत मी खाल्लेलं होतं, पण एका भरितासाठी घरादारानं शेतात जायचं असतं हे माहीत नव्हतं. हिरवट-पांढऱ्या रंगाची, कमी बियांची ती मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळात भाजली. सालं काढून, लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचली. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप असं सगळं तेलात परतून त्यावर भरीत पडलं आणि आम्ही केळीच्या पानांवर बसलो. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या त्या पिठाचा खमंगपणा मी प्रथमच चाखत होतो.

मी सवयीनं लवकर आवरू लागलो. मित्राच्या आईला सगळे माय म्हणायचे. माय म्हणाली, "भरिताला घाई चालत नाही रे बापा. बैस." आणि पानावर आणखी वाढलं. माझं शिक्षण, वडिलांची नोकरी, पुढचा विचार, यातलं काहीही तिनं तोवर विचारलं नव्हतं. पोट भरल्यावर ती विचारू लागली आणि मी कधी नव्हे ते मोकळेपणानं बोललो.

जळगावजवळचं आसोदा हे भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेलं गाव, आणि बहिणाबाई चौधरींचं माहेरही तेच. त्यांची गाणी 1952 साली, त्यांच्या पश्चात, पुस्तकरूपानं आली. शाळेत मी ती मार्कांपुरती पाठ केली होती. शेतात आणि चुलीपुढे राबतानाच सुचलेलं ते काव्य आहे, याची जाणीव मायचे हात पाहताना झाली.

ही जाणीव पक्की झाली ती आखाजीला. अक्षय्य तृतीयेचा हा सण खान्देशात दिवाळीच्या तोडीचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांच्या नावानं घागर भरली जाते. पानात आमरस, कुरडया आणि खापरावरची पुरणपोळी. या पोळीला पोळपाट-लाटणं लागत नाही. तार येईपर्यंत मळलेल्या कणकेत पुरण भरायचं आणि तो गोळा दोन्ही हातांवर खेळवत, वाढवत, पुढे कोपरापर्यंत पसरू द्यायचा. मग चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. वैशाखातलं जळगावचं ऊन, त्यात सरपणाचा जाळ. मायच्या मुली माहेरपणाला आल्या होत्या, म्हणून ती त्यांना चुलीजवळ येऊ देत नव्हती. मी रसात बुडवून पोळी खात होतो, तूप मागून घेत होतो. तो घास तोंडात असतानाच मनात आलं, की आपल्या आईला कधी सावकाश बसून जेवताना आपण पाहिलं आहे का? मला आठवेना. त्या सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला आधी वाढायला लागलो. तिला अवघडल्यासारखं झालं, पण ती बसली.

पुढे मी स्पर्धा परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालो. वय निघून गेलं. घरी तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. मित्र तेव्हा धुळ्यात प्राध्यापक झाला होता. न कळवता त्याच्याकडे गेलो. माझ्या चेहऱ्यावरून तो काय ते समजला असणार. म्हणाला, "चल, आधी जेवून येऊ, भो." मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्या रस्त्यांवरच्या एका ढाब्यावर आम्ही बसलो. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, वर तेलाचा तवंग, त्यात ऐन वेळी सोडलेली जाड तिखट शेव. उन्हाळ्यात भाज्या आटल्या तरी ही भाजी अडत नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते सगळंच तिखटाचं नव्हतं. मित्रानं भाकरी पुढे सरकवली, काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला राजवाडे संशोधन मंडळात घेऊन गेला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांनी पायपीट करून जमवलेली कागदपत्रं जपण्यासाठी 1927 साली हे मंडळ उभं राहिलं. मोडी लिपीतल्या त्या कागदांचे रुमाल पाहताना मला कित्येक महिन्यांनी कशाची तरी ओढ वाटली. मित्राच्या घरी राहून मोडी शिकलो. आज जुन्या कागदांच्या वाचनावर माझा संसार चालतो, त्याची सुरुवात तिथली. त्या मुक्कामात मित्रानं किंवा वहिनींनी मला कधी "पुढे काय?" असं विचारलं नाही. जळगावहून माय कळण्याचं पीठ, बिबड्या, ठेचा पाठवत राहिली. निरोप एवढाच असायचा, की पोराला पोटभर वाढा.

माय आता नाही. तिच्यासाठी माझ्या हातून काही झालं, असं मला म्हणता येत नाही. तिची नात मात्र शिकायला पुण्यात आमच्याकडे राहते. मागच्या निकालात ती एका विषयात राहिली. दारातच तिनं मान खाली घातली, तेव्हा मी तिला हातपाय धुऊन यायला सांगितलं आणि पान मांडलं. माझी भाकरी मायच्या भाकरीसारखी होत नाही. तरी ती मुलगी सावकाश, पोटभर जेवली. मग आपणहून बोलायला लागली. समोर बसून ऐकून घेणं मला जमलं, ते तिच्या आजीनं मला शिकवलं होतं म्हणून.