कुठेही न जाणारा जिना

जिना म्हटला की तो कुठेतरी जातो, अशी आपली साधी समजूत असते. वर माडी असते, निदान माळा तरी असतो. एरवी पायऱ्या चढायच्या कशाला? पण तोक्योतल्या योत्सुया भागात एका जुन्या हॉटेलाच्या भिंतीला लागून असा एक जिना होता, की जो एका बाजूने सात पायऱ्या चढे आणि दुसऱ्या बाजूने सात पायऱ्या उतरे. वर पोचावे तर दार नाही, नुसती भिंत! १९७२ साली आकासेगावा गेन्पेइ या चित्रकाराने मित्रांबरोबर जाता जाता तो पाहिला. दार नसण्याचे फारसे नवल नव्हे. केव्हातरी ते बुजवले असेल. खरे नवल पुढेच होते. जिन्याचा कठडा एके ठिकाणी मोडला होता आणि तिथे कुणीतरी नवे लाकूड व्यवस्थित बसवले होते. उपयोग संपला होता, पण निगा चालूच होती.

मग या गृहस्थांना अशा वस्तू जिकडेतिकडे दिसू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर भिंतीतच उघडणारे, खाली पायरी नसलेले दार. शेजारचे घर पाडल्यावर भिंतीवर उरलेली त्याची आकृती. ते फोटो काढीत, टिपणे ठेवीत. या साऱ्या प्रकाराला त्यांनी नाव दिले ‘तोमासन’. १९८१ साली तोक्योच्या एका नामांकित संघाने थॉमसन नावाचा एक अमेरिकन बेसबॉलपटू भरपूर मोबदला देऊन आणला होता. त्याची फळी झोकात फिरे, पण चेंडूला काही लागेना! दिसायला दिमाखदार, जपलेले आणि निरुपयोगी, म्हणून तोमासन. विनोद थोडा निर्दय आहे खरा. पण हेच आकासेगावा दुसऱ्या नावाने कथा लिहीत आणि १९८१ साली त्यांना आकुतागावा हे मानाचे साहित्यपारितोषिक मिळाले, हे कळल्यावर मी त्यांना क्षमा केली. लेखकाने लेखकाला सांभाळून घ्यावे! १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘रस्त्यावरचे निरीक्षण’ करणारी एक मंडळीच स्थापन केली. त्यातले एक जण तर गटारांच्या झाकणांचे फोटो जमवीत.

झाकणांची ही गंमत मी स्वतः पाहिली आहे. माझा भाचा तोक्योच्या निशी-कासाई भागात राहतो. आपली पुष्कळ मंडळी तिथे आहेत. संध्याकाळी बागेत मराठी ऐकू येते. मे महिन्याच्या सुटीत मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने आपला जुना कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाला, “मावशी, देवळे सगळेच काढतात. तू खाली बघून चाल.” ओसाकात खाली पाहिले तर लोखंडी झाकणावर किल्ला आणि चेरीचा मोहोर! जवळजवळ प्रत्येक गावाचे झाकण निराळे. ज्याच्यावर आपण पाय देऊन पुढे जायचे, त्याच्यावर एवढी नक्षी!

पण अशी मौज करता करता माणूस हळूहळू ओसाड जागांपाशी येतो. नागासाकीजवळ हाशिमा नावाचे बेट आहे, जेमतेम १६ एकरांचे. समुद्राखालच्या कोळशासाठी तिथे उंच चाळी उठल्या. १९५९ साली त्या एवढ्याशा जागेत ५,२५९ माणसे राहत होती. नाराहारा इक्को या तरुण छायाचित्रकाराने तिथले जिणे टिपून १९५६ साली तोक्योत प्रदर्शन मांडले. १९७४ साली खाण बंद झाली आणि काही महिन्यांतच बेट रिकामे झाले. आज लोक बोटीने ते ओसाड बेट पाहायला जातात. फोटो सुंदरच येतात. मात्र महायुद्धाच्या काळात त्याच खाणीत कोरियन आणि चिनी मजुरांना सक्तीने राबवले होते, हे पडक्या भिंतीच्या फोटोत दिसत नाही. ते माहीत असावे लागते.

आणि आता तर ओसाडपणा बेटापुरता राहिलेला नाही. २०२३ सालच्या पाहणीत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. म्हणजे सातांत जवळजवळ एक.

शिकोकू बेटावरच्या डोंगरांत नागोरो म्हणून खेडे आहे. तिथे मी हट्टाने गेले. माणसे तीसच्या आतबाहेर आणि बाहुल्या शेकड्यांनी! गावातल्या एका बाईने शेतात बुजगावणे उभे केले, ते तिच्या वडिलांसारखे दिसू लागले, आणि मग गेलेल्या एकेका माणसाची बाहुली ती करीत सुटली. कुणी बसची वाट पाहत बसले आहे, कुणी बांधावर टेकले आहे. उघड्यावरच्या बाहुल्या दोन-तीन वर्षांत विरतात. ती पुन्हा नव्या करते.

तिथली शाळा २०१२ साली बंद झाली. वर्गात बाकांवर बाहुल्या बसल्या आहेत, फळ्यापाशी मास्तर आहेत. मी दारात उभी राहिले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या मनात आले, हजेरी व्हायची आहे. कॅमेरा डोळ्यापाशी नेला आणि पुन्हा खाली केला.

“मावशी, काढ ना,” भाचा म्हणाला.

“थांब रे जरा,” मी म्हटले. “वर्ग चालू आहे.”

तो हसला. मला हसू येईना. कोकणातल्या आमच्या शाळेचा पट नऊ आहे. पट घसरला की शाळा दुसऱ्या शाळेत मिळवायच्या गोष्टी निघतात. एका मुलीची आजी दर सोमवारी वाटेत मला विचारते, “बाई, शाळा ऱ्हाईल ना?” मी “राहील” म्हणते. ते कोणाच्या भरवशावर म्हणते, हे मला त्या बाहुल्यांसमोर उमगेना. शेवटी मी एक फोटो काढला, तोही एका बाहीचा. तिथे शिवण उसवली होती आणि नव्या दोऱ्याने घट्ट घातली होती.

परत आल्यावर मी आमच्या शाळेच्या खिडकीची मोडकी झडप सुताराकडून बसवून घेतली. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी, शेवटच्या दिवशी, नऊही मुलांना ओट्यावर बसवून फोटो काढला. “हलू नका,” असे मी तीनदा बजावले. पण ऐन वेळी पहिलीतला बारका शेजारणीच्या डब्यातल्या चकलीकडे वळला आणि तिने त्याचा हात झटकला. फोटोत एकीचा हात पुसट आला आहे, एकाचे तोंडच नाही. “बाई, बिघाडला,” मुले हळहळली.

मी तोच मोठा करून वर्गात लावला आहे. बाहुल्या कधी हलत नाहीत.