डाख

'डाख' हा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. धातूचे दोन तुकडे सहज वितळणाऱ्या तिसऱ्या धातूने सांधणे म्हणजे डाख देणे. आज दुकानात डाख मागितला तर कोणाला उमगणार नाही. 'सोल्डर' म्हटले की तारेचे रीळ लगेच समोर येते. शब्दांची अशी बदली होतच असते आणि त्याबद्दल गळा काढण्याचा माझा विचार नाही. परंतु गेली काही वर्षे माझ्या गिटारला लागणाऱ्या वायरी मी घरीच तयार करतो आहे, आणि त्या करताना मराठीच्या एका अध्यापकाला जे सुचत गेले ते नोंदवून ठेवावेसे वाटते.

मी राहतो ते पाली हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, हातखंब्याच्या दक्षिणेला आहे. कोल्हापूरचा रस्ता इथूनच नाणीज, साखरपा करीत आंबा घाटाकडे वळतो. गिटार, पायाखालची तीन पेडले आणि एक लहानसा अॅम्प्लिफायर एवढाच माझा संसार. त्याला वीतभर लांबीच्या दोन, तीन मीटरची एक आणि पाच मीटरची एक अशा चार वायरी लागतात. बाजारातल्या तयार वायरीचा जॅक बहुधा प्लास्टिकात ओतून बंद केलेला असतो. आतला सांधा तुटला की ती टाकून द्यायची. उघडून पाहण्याची सोयच नाही. हाताने केलेली वायर मात्र उघडता येते. दुरुस्ती शक्य असणे हा मला वस्तूचा फार मोठा गुण वाटतो.

कृती अवघड नाही, पण तिला क्रम आहे. आधी जॅकचे टोपण आणि आतली प्लास्टिकची नळी वायरीत ओवून घ्यायची, कारण सांधा झाल्यावर ती त्या बाजूने घालता येत नाहीत. मग वरचे आवरण दोनेक सेंटिमीटर सोलायचे. आत तांब्याच्या बारीक तारांची जाळी असते, तिच्या आत आणखी एक आवरण आणि त्याच्या पोटात मधली तार. जाळीचा पीळ करायचा, मधली तार थोडी उघडी करायची आणि दोहोंना कथलाचा पातळ लेप द्यायचा. मधली तार जॅकच्या टोकाशी जोडलेल्या पट्टीला आणि जाळी बाहेरच्या अंगाला डाखायची. या दोघींचा एकमेकींना स्पर्श झाला तर आवाज नाही.

मधला तो लेप म्हणजे आपली कल्हई. पितळेची भांडी तापवून, नवसागराची पूड टाकून, कथील फिरवणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही क्रिया नव्याने शिकवावी लागत नाही. फरक एवढाच की नवसागर इथे चालत नाही. त्याचा उरलेला अंश बारीक तारा खाऊन टाकतो. त्याची जागा राळ घेते. सोल्डरच्या तारेच्या पोटात ती भरलेलीच असते. व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच ही राळ. कल्हई नसलेल्या पितळेत दही ठेवले की ते कळकते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खाऱ्या हवेच्या या जिल्ह्यात तांब्याची उघडी तारही तशीच कळकते. हिरवी पडते आणि आवाज खरखरू लागतो.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की ते मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होते, म्हणजे दोघांपैकी कोणाहीपेक्षा लवकर. शिसे विषारी, म्हणून काम झाल्यावर हात धुवायचे आणि खिडकी उघडी ठेवायची. खरी मेख उष्णतेत आहे. डाख तापलेल्या लोखंडाच्या टोकावर वितळवायचा नसतो. जोडायची जागाच इतकी तापवायची की डाख तिला स्पर्श करताच वाहू लागेल. ज्या धातूला स्वतःला ऊब लागलेली नाही त्याच्यावर डाख नुसता बसून राहतो, आत उतरत नाही. असा कच्चा सांधा दिसायला निस्तेज, दाणेदार असतो; काही दिवस चालतो आणि ऐन कार्यक्रमात दगा देतो.

हे सारे मला शिकवले ते आमच्या महाविद्यालयातल्या तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने. त्याच्या घरात जाखडीची परंपरा. शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्या सामन्यांत तो ध्वनियंत्रणा सांभाळत असे. ज्यांनी हा सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : एका बाजूचा शाहीर गाण्यातून सवाल टाकतो आणि दुसऱ्या बाजूने त्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचे असते. शब्द ऐकूच गेला नाही, तर उत्तर कशाला देणार? सगळा वाद, सगळी विद्वत्ता त्या क्षणी माइकच्या वायरीतल्या एका सांध्यावर तोललेली असते.

माइकच्या वायरीत दोन तारा आणि गिटारच्या वायरीत एकच, असे का, हे मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, "सर, माइकवाल्या दोघी एकच गोष्ट सांगतात, पण एक सुलट आणि एक उलट. वाटेत जी घरघर घुसते ती दोघींत सारखीच घुसते. शेवटी एकीतून दुसरी वजा केली की घरघर जाते आणि गाणं तेवढं उरतं. गिटारची तार एकटी आहे. तिला साक्षीदार नाही. म्हणून ती आखूड ठेवायची आणि जाळी नीट जोडायची."

एकट्या तारेला साक्षीदार नाही! वायर लांबली की घरगुती विजेची ५० हर्ट्झची घूंघूं तिच्यात शिरायला वाव वाढतो, शिवाय मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड या हिशेबाने तिची धारकता वाढत जाऊन गिटारच्या स्वरातली धार बोथट होते, हे पुढे मी वाचले. पण त्याच्या वाक्याने जे एका दमात कळले ते वाचनाने फक्त पक्के झाले.

त्याच सत्रात मी वर्गात रोमन याकबसन शिकवत होतो. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या भाषाविज्ञान आणि काव्यशास्त्र यांवरील निबंधात त्याने संदेशनाचे सहा घटक मांडले. त्यांतला एक म्हणजे संपर्क, बोलणारा आणि ऐकणारा यांना जोडणारा दुवा. हा दुवा शाबूत आहे की नाही एवढेच तपासणारे बोलणे असते, असे तो म्हणतो. आपल्या गावोगावचे 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' याहून त्याचे शुद्ध उदाहरण कोणते? आपण साहित्याचे लोक संदेशावर ग्रंथ लिहितो, संहितेवर वाद घालतो, आणि दुव्याचा विचार मंडपवाल्यावर सोडून देतो.

तो विद्यार्थी साहित्यशास्त्राच्या पेपरात नापास झाला. उत्तरपत्रिकेत त्याने 'संपर्क' या घटकावर दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याही पाठ्यपुस्तकातल्या आणि अर्धवट. निकालानंतर भेटला तेव्हा मी म्हटले, "अरे, वायरीचं लिहायचं होतंस." त्याने विचारले, "सर, ते लिहिलेलं चालतं?" प्रश्नात उपरोध नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. जे आपल्याला हाताने येते ते ज्ञान नव्हे, हे आमच्या व्यवस्थेने त्याला पंधरा वर्षांत इतके चोख शिकवले होते की, त्या एका विषयात तो पैकीच्या पैकी गुणांनी उत्तीर्ण झाला असे म्हणायला हवे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून गावातल्या कारूनारूंची नोंद मराठीत केली. पण ती नोंद झाली लेखणीवाल्याच्या बाजूने. हत्यारवाल्याने ती स्वतः करावी, अशी वाट आपण अजून रुंद केलेली नाही.

तो पुढच्या खेपेस पास झाला आणि आता मुंबईत ध्वनियंत्रणेच्याच व्यवसायात आहे. त्या वर्षापासून संपर्काचा घटक शिकवताना मी वर्गात एक उघडलेला जॅक नेतो आणि तो हातोहात फिरवतो. मुले टोपण फिरवून आत डोकावतात. चकचकीत सांधा कोणता आणि कच्चा कोणता, हे मागच्या बाकावरचे बहुधा आधी ओळखतात. मग तेच शब्दांत सांगायला मी त्यांना फळ्यापाशी बोलावतो. सांगताना ती अडखळतात, मराठी शब्द सापडत नाही, इंग्रजी धड येत नाही. अशा वेळी मी फळ्यावर एकच शब्द लिहितो : डाख. बाकीचे वाक्य त्यांचे.