चिरानचा रस्ता, फुकिआगेची वाळू

कागोशिमाहून निघालेली बस डोंगर चढून वर आली की दोन्ही बाजूंना चहाचे मळे लागतात. कातरून एकसारख्या केलेल्या हिरव्या रांगा आणि मधूनमधून उंच खांबांवर पंखे. थंडीच्या रात्री कोवळ्या पानांवर दहिवर गोठू नये म्हणून ते फिरतात. पुढे रस्त्याच्या कडेने दगडी दिवे सुरू होतात, ते संपता संपत नाहीत. मेलेल्या वैमानिकांसाठी लोकांनी वाहिलेले हे दिवे हजाराच्या वर आहेत.

क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाजवळचं चिरान हे गाव चहासाठी आणि जुन्या सामुराई घरांसाठी प्रसिद्ध असायला हरकत नव्हती. पण इथे लष्कराची वैमानिक घडवणारी शाळा होती, आणि 1945च्या वसंतात तिचाच आत्मघाती हल्ल्यांचा तळ झाला. ओकिनावा इथून साधारण साडेसहाशे किलोमीटर. 1 एप्रिलला अमेरिकन फौजा तिथे उतरल्या. जपानी लष्कराचे 1,036 वैमानिक त्या लढाईत विमानासकट शत्रूच्या जहाजांवर झोकून देण्याच्या मोहिमेत गेले. त्यांतले 439 चिरानहून उडाले.

त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या संग्रहालयात शिरल्यावर नजर जाते ती एका झिरो लढाऊ विमानाकडे. 1980 साली ते समुद्रातून वर काढलं. शेपटीकडचा भाग गेलेला, पत्रा खाऱ्या पाण्याने कुरतडलेला. पण खरी गर्दी असते भिंतींपाशी. तिथे रांगेने फोटो लावले आहेत, ज्या क्रमाने पोरं गेली त्या क्रमाने. बहुतेक विशीच्या आसपासची. खालच्या काचेच्या पेट्यांत त्यांची शेवटची पत्रं. अक्षर ब्रशने काढलेलं, घोटीव. बहुतेकांचा मजकूर साधारण एकाच वळणाचा: आईवडिलांची क्षमा, धाकट्या भावंडांना उपदेश, देशासाठी फुलासारखं गळून पडण्याची भाषा. फोनवर भाषांतर वाचता वाचता शंका येते, हे सगळं त्या मुलाचं की तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं? पत्रं लष्करी तपासणीतून जात, हे विसरून ती वाचणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

ती तपासणी चुकवणारी एक बाई गावात होती. तोमे तोरिहामा. तिची छोटी खाणावळ, तिथे ही पोरं जेवायला यायची आणि तिला आई म्हणायची. त्यांची खासगी पत्रं ती गुपचूप टपालात टाकायची. खाणावळीच्या जागी आज तिच्या आठवणींचं छोटं संग्रहालय आहे. साबुरो मियागावा हा वैमानिक काजवा होऊन परत येईन असं सांगून गेला आणि रात्री खरंच एक काजवा खाणावळीत आला, ही गोष्ट इथे प्रत्येकाला ऐकवली जाते. जूनमध्ये या भागात काजवे असतातच. मला त्यापेक्षा चटका लावून गेला ताक क्युंग-ह्युन. हा कोरियन तरुण, जपानी नावाने जपानी सैन्यात. जाण्याच्या आदल्या रात्री त्याने तोमेबाईंसमोर टोपी डोळ्यांवर ओढून ‘आरिरांग’ हे कोरियन लोकगीत म्हटलं. 11 मे 1945ला तो गेला. त्याच दिवशी चिरानहून केइओ विद्यापीठाचा विद्यार्थी र्‍योजी उएहाराही उडाला. हुकूमशाही शेवटी हरणारच, असं तो आदल्या रात्री लिहून ठेवून गेला होता. सगळे एका मनाने, हसत हसत गेले, हे सांगणाऱ्याने आधी या दोघांची उत्तरं द्यावीत.

संग्रहालयाबाहेर पाइनच्या झाडांखाली वैमानिकांच्या बराकीची प्रतिकृती आहे. अर्धी जमिनीत गाडलेली, वर नुसतं तिकोनी छप्पर, विमानातून दिसू नये म्हणून. आत दोन्हीकडे गाद्या, पांघरुणं घडी घालून ठेवलेली. एका पंखाखाली 250 किलोचा बॉम्ब आणि दुसऱ्याखाली इंधनाची टाकी घेऊन ‘हायाबुसा’ लढाऊ विमानं उडत. वाटेवर 924 मीटर उंचीचा कैमोन डोंगर लागे, मुख्य भूमीचं शेवटचं दर्शन. विमान बिघडलं, हवा खराब झाली म्हणून काही जण परतही आले. त्यांतल्या अनेकांना फुकुओकातल्या एका वसतिगृहात डांबून ठेवत आणि जिवंत परतल्याबद्दल अपमान करत.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन आम्ही पश्चिम किनाऱ्याला बान्सेईकडे गेलो. इथेही तळ होता. हातात कुत्र्याचं पिल्लू धरून हसणाऱ्या पाच पोरांचा तो जगभर छापला गेलेला फोटो इथलाच. पिल्लू धरणारा युकिओ अराकी सतरा वर्षांचा होता. आणि जवळच फुकिआगेचा किनारा, वाळूच्या टेकड्या आणि पाइनचं रान, मैलोन्‌मैल.

चिरान पाहून लोक परत फिरतात, या किनाऱ्यावर फारसं कुणी येत नाही. खरं तर पुढची गोष्ट इथे घडायची होती. अमेरिकेची ‘ऑलिम्पिक’ योजना 1 नोव्हेंबर 1945ला दक्षिण क्यूशूवर उतरण्याची होती. मियाझाकी, शिबुशीचा उपसागर आणि हा पश्चिम किनारा. नकाशावर किनाऱ्यांच्या तुकड्यांना मोटारींची नावं दिली होती, ब्यूइक, कॅडिलॅक वगैरे. जपानी सेनापतींनी नकाशा पाहून जागा बिनचूक ओळखल्या, कारण ओकिनावाहून लढाऊ विमानं पोचतील अशा टप्प्यात सपाट किनारे मोजकेच होते. त्यांनी प्रतिकाराच्या योजनेला नाव दिलं ‘केत्सुगो’. ऑगस्टपर्यंत क्यूशूत 14 डिव्हिजन जमा केल्या. शिकाऊ वैमानिकांच्या विमानांसकट हजारो विमानं राखून ठेवली. ओकिनावात नेम युद्धनौकांवर होता, इथे तो सैनिकांनी भरलेल्या वाहतूक जहाजांवर धरायचा होता. त्याशिवाय स्फोटकं भरलेल्या होड्या, माणूस बसवलेले पाणतीर, बांबूच्या टोकाला सुरुंग लावून पाण्याखाली उभे राहणारे पाणबुडे. जूनमधल्या कायद्याने 15 ते 60 वयाचे पुरुष आणि 17 ते 40च्या बायका लढाऊ दलात आल्या. बायका-पोरींना बांबूचे भाले चालवायला शिकवलं गेलं.

म्हणजे चिरानला ज्याला त्याग म्हणून नमस्कार केला जातो, तेच साऱ्या बेटावर सक्तीने लादायचं ठरलं होतं. यशाची अपेक्षा नव्हतीच. अमेरिकेचं इतकं रक्त सांडायचं की तहाच्या अटी सौम्य होतील, एवढाच हिशेब. आणि त्यात आपली माणसं किती मरतील हा रकाना कुणी भरायला घेतला नव्हता. हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब टाकणं त्यामुळे योग्य ठरतं असं मी म्हणत नाही. तो वाद वेगळा आहे. पण चिरानच्या भिंतींवर फक्त पाठवलेल्यांचे चेहरे आहेत आणि पाठवणाऱ्यांचे जवळजवळ नाहीत, ही उणीव फुकिआगेच्या वाळूत उभं राहिल्यावर फार बोचते.

पाठवणाऱ्यांतले, नौदलात हे आत्मघाती हल्ले सुरू करणारे सेनापती ओनिशी यांनी शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी पोट चिरून घेतलं. चिरानची पोरं ज्यांच्या हुकमाने गेली, ते सहाव्या हवाई सेनेचे सेनापती मिचिओ सुगावारा त्या वाटेने गेले नाहीत. ते 1983 साली, वयाच्या 95व्या वर्षी वारले.