नाशिकची लेणी आणि जोगलटेंभीची नाणी

गजपंथ सिद्धक्षेत्राचे दर्शन घेऊन म्हसरूळहून निघालेले यात्रेकरू बहुधा थेट मांगीतुंगीची वाट धरतात. नाशिकमध्ये एक दिवस अधिक मुक्काम करण्याची सवड असेल, तर तो दिवस पांडवलेणी आणि अंजनेरी या दोन स्थानांना द्यावा. देवदर्शनाचा लाभ तेथेही आहेच. परंतु ज्यांना जुन्या नाण्यांची आवड आहे, किंवा ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांपासून नाण्यांची एखादी थैली जपून ठेवलेली आहे, त्यांच्यासाठी या परिसरासारखी दुसरी पाठशाळा नाही. एका लहानशा चांदीच्या नाण्याने दोन राजवंशांचा इतिहास कसा निश्चित केला, याची साक्ष येथील डोंगर आणि येथील जमीन या दोघांनीही दिलेली आहे.

पांडवलेणी मुंबई रस्त्यावर, शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, त्रिरश्मी डोंगरात कोरलेली आहेत. लेणी मूळची बौद्ध. तथापि अकराव्या क्रमांकाच्या लेण्यात भगवान ऋषभनाथांची आणि अंबिकेची मूर्ती कोरलेली दिसते. उत्तरकाळी या डोंगरावर जैन उपासकांचा वावर होता, हे त्यावरून कळते. तेथे वंदन करून शेजारच्या दहाव्या लेण्यात यावे. हा विहार क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने दान दिला. काही विद्वान या नावाचे संस्कृत रूप ऋषभदत्त असे देतात. ओवरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत त्याचे शिलालेख आहेत. व्यापारी घरातील वाचकांनी ते मुद्दाम समजून घ्यावेत, कारण त्यांतील एक लेख म्हणजे दगडावर उतरवलेली खतावणीच आहे.

उषवदाताने तीन हजार कार्षापणांची अक्षयनिधी म्हणून ठेव ठेवली. त्यांपैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. आता हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस; आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजेही दोनशे चाळीसच. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा जमाखर्च आजही पैशाचा फरक न पडता जुळतो. याच लेखात पस्तीस कार्षापण म्हणजे एक सुवर्ण, असा चांदी-सोन्याच्या नाण्यांचा दरही नोंदवला आहे. सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, असे स्पष्ट गणित त्यात मांडलेले आहे.

हे कार्षापण दिसायला कसे होते? त्याचे उत्तर डोंगरावर मिळत नाही. ते सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी या गावी मिळाले. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यात १३,०००हून अधिक नाणी होती, आणि ती सारी नहपानाची होती. शिलालेखातील कार्षापण म्हणजे हीच नाणी असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

नहपानाचे नाणे आकाराने अगदी लहान असते. व्यास सुमारे दीड सेंटीमीटर, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूस राजाचा उजवीकडे पाहणारा मुखवटा आणि कडेने ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत ‘राजा क्षहरात नहपानाचे’ या अर्थाचा लेख. एका बोटाच्या पेरावर मावणाऱ्या चांदीच्या तुकड्यावर तीन लिप्या एकत्र नांदतात. सागरी व्यापाराने जोडलेल्या त्या काळाचे याहून बोलके चित्र क्वचितच सापडेल.

परंतु जोगलटेंभीच्या साठ्याचे खरे मोल यापुढेच आहे. त्यांतील ९,०००हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवरच दुसरी मुद्रा ठोकलेली होती. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत, त्याखाली नागमोडी रेघ आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह, म्हणजे अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे. विजेत्या सातवाहन राजाने शत्रूचे नाणे वितळवले नाही. त्याच्यावर आपला शिक्का मारून तेच पुन्हा बाजारात आणले. कित्येक नाण्यांवर नव्या शिक्क्याखालून नहपानाचे नाक, केस किंवा लेखातील दोन अक्षरे अजूनही डोकावतात.

आता पुन्हा डोंगराकडे वळू. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी कोरलेल्या या लेखात तिने आपल्या दिवंगत पुत्राचा गौरव ‘क्षहरात वंशाचा निःशेष करणारा’ अशा शब्दांत केला आहे. केवळ हा लेख असता, तर मातेने पुत्राची केलेली स्तुती म्हणून एखाद्याने तो बाजूला ठेवला असता. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या स्तुतीला पुरावा दिला.

या प्रसंगाचा तिसरा साक्षीदार आपल्याच आगमपरंपरेत आहे. आवश्यक निर्युक्तीच्या परंपरेत भरुकच्छाचा, म्हणजे भडोचचा राजा नहवाहन आणि पैठणचा शालिवाहन यांच्या वैराची कथा येते. शालिवाहनाजवळ सैन्य मोठे, तर नहवाहनाजवळ कोश मोठा. दरवर्षी वेढा पडे आणि दरवर्षी नहवाहन आपल्या योद्ध्यांना द्रव्य वाटून नगर राखी. शेवटी शालिवाहनाचा मंत्री रुसल्याचे सोंग करून नहवाहनाच्या विश्वासात शिरला आणि त्याने राजाला धर्मकृत्यांवर अपार द्रव्य खर्च करावयास लावले. कोश रिता झाला आणि नगर पडले. कथा ही कथाच. तिच्यातील प्रत्येक तपशील इतिहास मानण्याचे कारण नाही. परंतु नहवाहन म्हणजेच नहपान, असे विद्वानांनी ओळखले आहे. द्रव्यसंपन्न राजा, दानांची लयलूट आणि शालिवाहनाकडून पराभव, ही कथेची रूपरेषा नाशिकच्या दगडाशी आणि जोगलटेंभीच्या चांदीशी किती जवळून जुळते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

येथे संग्राहकांसाठी मुख्य बोध आहे. ती नाणी एकत्र सापडली, एकत्र मोजली गेली आणि त्यांचे स्थान नोंदले गेले, म्हणूनच ती बोलली. तीच १३,००० नाणी सराफांच्या मुशीत गेली असती किंवा एकेक करून अनोळखी हातांत विकली गेली असती, तर चांदी उरली असती, साक्ष उरली नसती. नाण्याची किंमत बाजार ठरवतो. त्याचे मोल मात्र ते कोठे आणि कशाबरोबर मिळाले, यावर ठरते.

नाणे ओळखण्याची रीतही याच क्रमाने शिकावी. भिंग आणि सोनाराचा लहान काटा एवढी साधने आरंभी पुरतात. प्रथम धातू, वजन आणि व्यास लिहावेत. मग चिन्हे पाहावीत, आणि लिपी शेवटी. सातवाहनांची बहुतेक नाणी तांबे, शिसे किंवा मिश्रधातूची. म्हणून चांदीचे लहान नाणे हाती आले की क्षत्रपांचा विचार आधी करावा. नहपानानंतरच्या कार्दमक क्षत्रपांची नाणी नवशिक्याला विशेष साहाय्य करतात. त्यांवर राजासह पित्याचेही नाव असते. उदाहरणार्थ, महाक्षत्रप दामसेनाचा पुत्र महाक्षत्रप विजयसेन. शिवाय अनेक नाण्यांवर मुखवट्यामागे शकवर्षही असते. ब्राह्मी अंकांत शतक, दशक आणि एकक यांची चिन्हे स्वतंत्र असतात. शंभर, साठ आणि सात ही तीन चिन्हे ओळखता आली की शक १६७ मिळतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन २४५.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. जुने नाणे चिंच, लिंबू, राख किंवा आम्ल लावून कधीही घासू नये. झळाळी येते, पण अक्षरे जातात. दुसरे पथ्य कायद्याचे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरातन ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाहीत. परदेशस्थ नातलगांना भेट देताना हे अवश्य ध्यानात ठेवावे.

दिवसाचा उत्तरार्ध अंजनेरीस द्यावा. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील या गावात जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत. तेथील शके १०६३च्या शिलालेखात यादव राजा सेऊणदेवाच्या काळी चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरास दुकानांचे उत्पन्न दान दिल्याची नोंद आहे. याच अंजनेरीत १९८०च्या दशकात डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या प्रयत्नांतून नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था उभी राहिली आणि देशोदेशींच्या अभ्यासकांना हे लहानसे गाव परिचित झाले. संस्था पाहावयाची असल्यास आधी चौकशी करून जावे.

परिग्रह-परिमाण व्रत आपल्या गृहस्थधर्माचे अंग आहे. नाणेसंग्रहाच्या छंदालाही ते शोभून दिसते. सारीच नाणी हवीत, हा हव्यास सोडून एक वंश किंवा एक प्रदेश निवडावा आणि त्याचे ज्ञान वाढवावे. दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर जी जुनी नाणी मांडली जातात, ती या वर्षी पुन्हा थैलीत बांधण्यापूर्वी एकेक करून कागदी पाकिटात ठेवावीत. पाकिटावर वजन, दोन्ही बाजूंची चिन्हे, आणि ती घरात कोणाकडून व कोणत्या गावाहून आली, हे लिहावे. हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आज घरात आहेत. त्यांना विचारून ते आजच लिहून घ्यावे.