लिस्बनमध्ये जेवायला कुठे जाल?

लिस्बनच्या एखाद्या छोट्या खानावळीत बसलात की शेजारच्या टेबलावरून कधी ‘पांव’ ऐकू येतं, कधी ‘बताता’. दचकू नका! आपले पाव, बटाटा, कोबी, काजू आणि अननस हे शब्द पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत आले आहेत. त्यामुळे पोर्तुगालच्या या राजधानीत मेन्यू कार्ड अगदीच परकं वाटत नाही.

पण केवळ ओळखीच्या शब्दांच्या भरवशावर राहू नका. युरोपच्या सहलीसाठी तुम्ही कितीतरी महिने पैसे साठवलेले असतात. सोबत शाकाहारी आई असते, भुकेनं कुरकुरणारी मुलं असतात. एक जेवण फसलं की सगळ्यांचाच मूड जातो. म्हणून निघण्याआधी या काही गोष्टी लक्षात ठेवा.

दुपारी टास्का शोधा

टास्का म्हणजे आपल्याकडच्या खानावळीसारखी छोटी, घरगुती जागा. टेबलावर कागद अंथरलेला असतो आणि बाहेर फळ्यावर त्या दिवशीचे पदार्थ लिहिलेले असतात. त्याला ‘प्रातु दु दीया’ म्हणतात, म्हणजे आजचं ताट. साधारण १० ते १५ युरोंत एका माणसाचं जेवण होतं. काही ठिकाणी त्यातच सूप आणि कॉफीही येते. आजूबाजूच्या ऑफिसातले लोक दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान इथेच जेवतात. जिथे त्यांची गर्दी, तिथे तुम्हीही बसा. दारात उभं राहून, फोटोंचा मेन्यू दाखवत हाका मारणारा माणूस दिसला, तर मात्र पुढे चला.

मेन्यूवर एकाच पदार्थाच्या दोन किमती असतील, तर एक ‘दोझ’ची असते आणि दुसरी ‘मेया दोझ’ची, म्हणजे पूर्ण आणि अर्धी. पूर्ण प्लेट बहुतेक वेळा दोघांना पुरते. आपली ‘वन बाय टू’ची सवय इथे कामी येते. रात्री मात्र घाई करू नका. बऱ्याच ठिकाणी साडेसातनंतरच जेवण सुरू होतं.

टेबलावरचा पाव फुकट नसतो

तुम्ही काही मागवण्याआधीच वेटर पाव, ऑलिव्ह, लोणी आणि चीज आणून ठेवतो. हे ‘कूवेर’. ते पाहुणचार समजून खाल्लं की बिलात त्याचे पैसे लागतात. यात फसवणूक नाही, ही तिथली पद्धतच आहे आणि किंमतही मेन्यूवर लिहिलेली असते. नको असेल तर हात न लावता हसून परत करा. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या कूवेरचे पैसे घेता येत नाहीत, असा तिथला कायदा आहे. बिल मात्र एकदा नजरेखालून घाला. टिपची सक्ती नाही. सेवा आवडली तर थोडे सुटे पैसे ठेवले तरी चालतं.

शाकाहारी असाल तर

लिस्बन हे मासे आणि मांस खाणाऱ्यांचं शहर आहे. इथे ‘भाजीचं सूप’ म्हटलं तरी विचारून घ्यावं लागतं. ‘काल्दु वेर्द’ हे बटाटा आणि हिरव्या पानांच्या कोबीचं प्रसिद्ध सूप, पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती असते. म्हणून एक वाक्य पाठ करा: ‘सें कार्न, सें पैश’, म्हणजे मांस नको, मासे नकोत.

‘पैशिन्युश द ओर्ता’ दिसलं तर जरूर मागवा. नावाचा अर्थ ‘बागेतले छोटे मासे’, पण असतात त्या पिठात बुडवून तळलेल्या शेंगा, म्हणजे चक्क आपली भजीच! पिठात अंडं असतं का, तेवढं विचारून घ्या.

घरच्यासारखं वरण-भाताचं जेवण हवं असेल तर शहराच्या उत्तरेकडच्या लुमियार भागात जा. तिथे हिंदू समाजाचं राधा-कृष्ण मंदिर आहे आणि त्याच्या भोजनालयात शाकाहारी जेवण मिळतं. मोझांबिकमधून पोर्तुगालला आलेल्या गुजराती कुटुंबांनी हा समाज उभा केला. जाण्याआधी भोजनालयाची वेळ मात्र बघून घ्या.

मासे आवडत असतील तर

‘बाकल्याव’ म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. गंमत म्हणजे पोर्तुगालचा हा लाडका मासा प्रामुख्यानं नॉर्वेकडून येतो. कोकणात सुकी मासळी भिजवून शिजवतात, तसाच हाही आधी पाण्यात भिजवून खारटपणा काढावा लागतो. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी ‘बाकल्याव आ ब्राश’ मागवावं. त्यात माशाचे तुकडे, बटाट्याच्या बारीक तळलेल्या काड्या आणि अंडं एकत्र परतलेलं असतं. मुलांनाही ते आवडतं. जूनमध्ये गेलात तर १२ तारखेची रात्र आल्फामाच्या गल्ल्यांत घालवा. संत अँटनीच्या सणानिमित्त तिथे रस्तोरस्ती सार्डिन मासे भाजतात.

सगळ्यांच्या आवडी वेगळ्या असतील तर कैश दु सोद्रे स्टेशनसमोरच्या रिबेरा मार्केटमध्ये जा. २०१४पासून तिथे एका भागात अनेक खाद्यस्टॉल आहेत आणि बसायला लांब टेबलं आहेत. टास्कापेक्षा महाग, पण प्रत्येकाला मनासारखं मिळतं. दुसऱ्या भागात सकाळी भाजी आणि मासळीचा जुना बाजार भरतो, तोही बघा.

बेलेंची गोड रांग

१५ नंबरची ट्राम पकडून बेलेंला जा. तिथल्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर आहे. १८३४मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि मठातल्या पाककृतीनं १८३७पासून शेजारीच मिठाई विकली जाऊ लागली. ‘पश्तेइश द बेलें’ हे दुकान आजही तिथेच आहे. कुरकुरीत पारीत अंड्याचं कस्टर्ड, वरून दालचिनी आणि पिठीसाखर! बाहेरची मोठी रांग बघून परतू नका. आत बसायला बऱ्याच खोल्या आहेत. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र हा मोह टाळावा. त्यांच्यासाठी ‘गलांव’ आहे, उंच ग्लासातली भरपूर दुधाची कॉफी.

एक संध्याकाळ गोव्यासाठी ठेवा

लिस्बनमध्ये गोवेकरांची काही छोटी रेस्टॉरंट्स आहेत. तिथे शाकुती, सोरपोतेल, बेबिंका असं सगळं मिळतं. व्हिंदालूचं मूळ तर इथलंच. पोर्तुगीज लोक मांस वाइन आणि लसणीत मुरवत. तो पदार्थ गोव्यात आला, वाइनच्या जागी व्हिनेगर आलं, मसाले आणि मिरची आली. शेकडो वर्षांनी तोच पदार्थ तिखट होऊन माहेरी परतलाय. आठवडाभर मिळमिळीत खाऊन कंटाळलेल्या जिभेला याहून चांगलं औषध नाही.

जेवण झालं की बिलासाठी म्हणा, ‘अ कोंता, पुर फावोर’. उत्तरादाखल ‘पगार’ असा शब्द कानावर आला तर हसू येईल. आपला पगार हा शब्दही तिथूनच आलाय, पण पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘पैसे देणं’ असा होतो. आपल्याकडे पगार मिळतो, तिथे तो द्यावा लागतो. वर लिहिलेलं लक्षात ठेवलंत, तर तो जास्त द्यावा लागणार नाही!