गोष्ट अजून घडायची आहे

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तरुण वादकावर माहितीपट करायचा आहे, असं पुण्या-मुंबईत कुणाला सांगितलं की पाच मिनिटांत तो माहितीपट तयार होतो. सुरुवातीला लोणारच्या विवरावर घिरट्या घालणारा ड्रोन. मग भेगाळलेली जमीन, वाळलेली कपाशी, गळ्यात पखवाज अडकवून बांधावरून चालणारा मुलगा, आईचे भरलेले डोळे आणि शेवटी झगमगता रंगमंच. सांगणाऱ्याने जिल्ह्यात पाऊल ठेवलेलं नसतं, पण शेवटचा शॉटसुद्धा ठरलेला असतो. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज आलं. त्यातल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलडाणा होता आणि तेव्हापासून इथल्या कोणत्याही माणसाभोवती ती चौकट आधीच ठोकलेली असते. चौकट खोटी नाही. पण ज्याच्यावर फिल्म करायची तो दिवसाचे चोवीस तास त्या चौकटीत उभा नसतो. तो मोबाईलवर क्रिकेट बघतो, मित्राच्या मोटरसायकलवर ट्रिपल सीट जातो आणि तिहाई चुकली की स्वतःला शिव्या घालतो.

माझ्या मनात असलेला मुलगा मेहकर तालुक्यातला, वय एकोणीस, वारकरी कीर्तनात मृदंग, म्हणजे पखवाजच, वाजवणारा. नाव लिहीत नाही. फिल्मला होकार द्यायचा की नाही हे त्याने अजून ठरवलेलं नाही, आणि ते ठरेपर्यंत त्याचं नाव माझ्या वहीत राहणंच बरं.

म्हाताऱ्या कलावंतावर फिल्म करणं एका अर्थी सोपं असतं. आयुष्य घडून गेलेलं असतं. आठवणी, फोटो, ध्वनिमुद्रणं, शिष्य, पुरस्कार, सगळं जमवायचं आणि लावायचं. सत्यजित राय यांनी चौदाव्या वर्षी, १९३५ मध्ये, कोलकात्यात बालसरस्वतींचं नृत्य पाहिलं. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. रायांनी त्यांच्यावर 'बाला' केली ती १९७६ मध्ये, बाई अठ्ठावन्न वर्षांच्या असताना. फिल्म मोलाची आहे, पण त्या सतरा वर्षांच्या मुलीला कुणीच टिपलं नाही याची चुटपुट ती पाहताना लागून राहते. तरुण कलावंताकडे कॅमेरा घेऊन जावं ते याचसाठी. अडचण एवढीच की तिथे शोधायला भूतकाळच फारसा नसतो. मग संशोधन कशाचं करायचं?

मला सापडलेलं पहिलं उत्तर सप्ताहाच्या पत्रिकेत होतं. अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका म्हणजे गावाचा दस्तऐवज. वर संतांचे फोटो, खाली सात दिवसांची कीर्तनं, काल्याचं कीर्तन कुणाचं ते ठळक अक्षरांत. मग गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार, काकडा, हरिपाठ आणि रोजच्या पंगतीचे अन्नदाते. तळाशी मंडप आणि साउंडवाल्याचं नाव. मुलाच्या आईने अशा पत्रिका गव्हाच्या कोठीमागे जपून ठेवल्या आहेत. त्या सालवार मांडल्या तर पोराचं चरित्रच समोर येतं. आधी नाव नाहीच. नुसतं 'गावातील सर्व बाल टाळकरी'. मग 'मृदंग साथ' म्हणून दोघा-तिघांत एक. पुढे शेजारच्या गावच्या पत्रिकेत एकट्याचं नाव, त्यापुढे 'महाराज'. सतरा वर्षांच्या पोराला 'हभप' लागलेलं पाहून मला हसू आलं. आई मात्र हसली नाही. "ताई, याच पत्रिकेपासून लोक त्याले घरी न्यायला गाडी पाठवतात," ती म्हणाली. पत्रिकेवर नाव येणं म्हणजे काय, हे त्या एका वाक्यात मला जेवढं कळलं तेवढं मुलाच्या मुलाखतीत कळलं नसतं.

मुलाखतीचंही तसंच. "मृदंग तुझ्यासाठी काय आहे?" असं विचारलं की समोरचा आपल्याला जे ऐकायचं आहे तेच देतो: श्वास, देव, आयुष्य. त्याऐवजी विचारावं, परवा रात्री कुठे वाजवलंस? गेलास कसा? परतायला किती वाजले? जेवण आधी की नंतर? पाकीट कोणाच्या हातात दिलं? सकाळी कॉलेज केलंस की झोपलास? मग माणूस दिसायला लागतो. पाकीट बरेचदा कीर्तनकार महाराजांकडे जातं आणि त्यातून साथीदारांना मिळतं, कधी आयोजक वेगळं देतात. किती, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. संशोधकाने आकड्यापेक्षा हे न बोलणं टिपून ठेवावं.

दुसरं उत्तर कानाचं. बुलडाण्यात 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे दोन प्रदेश आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा वर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात खाली. बोली बदलते, पीकपाणी बदलतं आणि भजनाची चालही बदलते, असं दोन्हीकडचे टाळकरी सांगतात. ते खरं की नुसता अभिमान, हे कागदावर ठरत नाही. दोन्हीकडच्या हरिपाठाला बसावं लागतं, कॅमेरा न घेता. कॅमेरा आला की टाळकऱ्यांची पावली नीट होते आणि जे पाहायला आलो ते निघून जातं.

अशाच एका सप्ताहात कीर्तनाआधी तो मंदिरामागे पखवाज लावत बसला होता. पखवाज नट-बोल्टचा, आता बहुतेकांकडे असतो तसा. उजव्या पुडीचा स्वर त्याने महाराजांच्या पट्टीला मिळवून घेतला, फोन कानाशी धरून, त्यातल्या तानपुऱ्यावर. मग उठून पंगतीच्या स्वयंपाकात गेला आणि पोळ्यांच्या कणकेतून मूठभर कणीक घेऊन आला. डाव्या बाजूला, धुम्याला, ओली कणीक थापल्याशिवाय पखवाजाचा खर्ज उघडत नाही. पोळ्या लाटणाऱ्या मावशीने मागून हाक मारली, "घट्ट मळेल हाय रे, पाण्याचा हात लाव!" त्याने पाण्याचा हात लावला, थापली, वाजवलं, थोडी काढली, परत वाजवलं. मावशी परातीवरून मान न उचलता म्हणाली, "आता बरा." त्या गावात मृदंगाचा कान नेमका कुणाकुणाला आहे, याची यादी मला तिथून नव्याने करावी लागली.

मी फोनवर टिपलेल्या आवाजात हा खर्ज नव्हताच. उजवीकडची थाप आणि टाळ तेवढे आले. यूट्यूबवरच्या कीर्तनांतही बहुधा हेच होतं: मिक्सरमधून महाराजांचा आवाज पुढे, टाळ कानठळ्या बसवणारे, मृदंगाचा डावा हात गडप. म्हणजे ज्याच्यावर फिल्म करायची त्याचं अर्धं वादन आज उपलब्ध असलेल्या कुठल्याही चित्रफितीत नाही. कोणता माईक, कुठे, किती जवळ, हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण संशोधनाच्या वहीत तो पहिल्या पानावर असायला हवा. दृश्यं नंतर सुचतात.

मेहकरमध्ये बसून या सगळ्याचा विचार करताना ना. घ. देशपांडे आठवणं अटळ आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या सेंदुरजनचे हे कवी मेहकरलाच राहिले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या 'शीळ' या कवितेला जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायलं आणि एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली. मराठी भावगीताची सुरुवात अनेक जण तिथून मोजतात. कवी आणि गायक दोघेही १९०९ चे. रेकॉर्ड निघाली तेव्हा दोघांची पंचविशीही उलटली नव्हती. 'शीळ' हा कवितासंग्रह आला १९५४ मध्ये, म्हणजे गाणं घरोघर पोचल्यावर वीसेक वर्षांनी. जोशी पुढे एचएमव्हीतच ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि कित्येक थोर गवयांचे आवाज त्यांनी जतन केले.

त्या काळी एखादा संशोधक वही घेऊन या दोन तरुणांकडे गेला असता तर त्याने काय लिहिलं असतं? एक होतकरू कवी, एक होतकरू गायक. मराठी गाण्याचा एक नवा प्रकार इथून सुरू होतोय, हे त्या क्षणी कुणालाच दिसणार नव्हतं. पण त्याने नुसतं एवढं टिपलं असतं की कविता गायकापर्यंत कशी पोचली, चाल बसवताना काय काय करून पाहिलं, कंपनीचा माणूस काय म्हणाला, आणि मेहकरात पहिल्यांदा ती रेकॉर्ड कुणाच्या फोनोवर वाजली, तर आज ती वही सोन्याची ठरली असती. तरुणाच्या संशोधनात 'महत्त्वाचं काय' हे आपल्याला ठरवता येत नाही. म्हणून साधं, रोजचं, किरकोळ वाटणारं नीट टिपायचं, कुणी केलं, कुठे केलं, कधी केलं यासह.

ही शिस्त मराठीत कुणी घालून दिली असेल तर ती जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्यांनी. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'लोकगीत, कर्ती अज्ञात' असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीशेजारी लिहिलं. त्यामुळे पुढे अनेक वर्षांनी त्याच बायांकडे परत जाता आलं. माझ्याही वहीत मृदंग शिकवणारे गुरुजी, कणकेची मावशी, साउंडवाला, मुलाला गाडीवर नेणारा चुलतभाऊ, सगळे नावानिशी आहेत. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ-मृदंग-वीणा दिल्या. या पोराने पहिली थाप मारली तीही अशाच एका मंडळाच्या मृदंगावर. म्हणजे त्याची गोष्ट त्याच्या घरापासून सुरू होतच नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. शहरातला आराखडा महिन्यांत बोलतो: दोन महिने संशोधन, वीस दिवस चित्रीकरण, तीन महिने संकलन. गावचं संगीत पंचांगाने आणि पिकाने चालतं. मृग लागला की पेरणी, मग आषाढीची वारी; सोयाबीन निघताना पोरगा शेतात, कार्तिकात पहाटे काकड्याला; तूर घरात आली, हातात पैसे आले की सप्ताहांचा हंगाम. वर्ष चुकीच्या महिन्यात पाहिलं तर हा मुलगा रिकामटेकडा तरी वाटेल, नाहीतर कामाने पिचलेला. दोन्ही खोटं.

आणि एक वर्षही पुरेसं नाही. आनंद पटवर्धन यांनी 'हमारा शहर'मध्ये शाहीर विलास घोगरे यांचं गाणं टिपलं होतं, ती फिल्म १९८५ ची. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली, आणि काही दिवसांत घोगरेंनी जीव दिला. तिथून सुरू झालेली 'जयभीम कॉम्रेड' पूर्ण झाली २०११ मध्ये. चौदा वर्षं. पुण्याच्या कबीर कला मंचातली तरुण गाणारी पोरं त्या फिल्ममध्ये येतात. १९९७ च्या कुठल्याही आराखड्यात त्यांची नावं असणं शक्य नव्हतं. तरीही ती त्या गोष्टीची वारस वाटतात, कारण करणारा थांबून राहिला होता. पैसे देणाऱ्याला हे कसं सांगायचं, हा वेगळा प्रश्न. पण आराखड्यात एक रिकामी जागा ठेवण्याचं धाडस तरी करावं.

राहिला प्रश्न होकाराचा. एकोणिसाव्या वर्षी दिलेली सही कायद्याने पुरेशी आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाला हक्क मिळाला, तोही त्याला समजावून सांगायला हवा, मराठीत, कागद पुढे सरकवण्याआधी. पण सहीपलीकडेही काही असतं. फिल्ममध्ये तो महाराजांविषयी काही बोलून गेला तर पुढच्या सप्ताहाला बोलावणं येईल का? वडिलांचं कर्ज दाखवलं तर सोयरिकीच्या वेळी ते कुणी काढेल का? आपण शहरात परत जातो, त्याला तिथेच वाजवायचं असतं. म्हणून माझ्या वहीत एक यादी 'विचारायचं नाही' अशीही आहे, आणि ती त्याला दाखवलेली आहे. त्याने तिच्यात एक ओळ वाढवली: मोठ्या भावाविषयी नको. का, ते मी विचारलं नाही.

त्याने मला उलट एकच प्रश्न विचारला. तो सकाळी पाचला उठून धावतो; तालुक्यातली बरीच पोरं धावतात, पोलीस भरतीसाठी. "सर्विस लागली तर मृदंग सप्ताहापुरताच राहीन," तो म्हणाला. "मग तुमची फिल्म वाया जाईन काय, ताई?"

आयत्या गोष्टीत याला जागा नाही. तिथे मुलगा एकतर मोठ्या रंगमंचावर पोचतो, नाहीतर परिस्थिती त्याला गिळते. खाकी वर्दी घालून, रजा टाकून, चैत्रात गावच्या सप्ताहाला येणारा आणि मावशीकडून कणीक मागणारा हवालदार कोणालाच नको असतो. पण वारकरी कीर्तन उभं आहे ते बहुतांशी अशाच माणसांवर: शिक्षक, कंडक्टर, शेतकरी, दुकानदार, जे पोटापाण्याचं दुसरं काही करतात आणि रात्री नवाला मृदंगावर उभे राहतात. मी त्याला सांगितलं, वाया जाणार नाही. आणि त्या रात्री आराखड्यातलं 'शेवट' हे प्रकरण काढून टाकलं. ज्या फिल्मला त्याच्या नोकरीची भीती वाटते, ती फिल्म त्याच्यावर नसतेच. ती आपल्या डोक्यातल्या दुसऱ्याच कुणा मुलावर असते, आणि त्याच्यासाठी बुलडाण्याला यायची गरज नाही.